तान येते, म्हणून घ्यायचीच का?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका २७ वर्षांची आहे. कोल्हापुरात एका बाईंकडे ती १२ वर्षं ख्याल शिकली. नोकरीसाठी मुंबईला आली आणि गेली तीन वर्षं शनिवार-रविवारी पाश्चात्त्य गायनाच्या वर्गाला जाते. तिथे तिला अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डने गायलेल्या कोल पोर्टरच्या गाण्यांचा १९५६ सालचा अल्बम सापडला आणि त्याने तिच्या मनात घर केलं. पुढच्या महिन्यात एका छोट्या सभागृहात तिला ४० मिनिटं गायचं आहे, आणि बरीचशी गाणी तिला यातलीच घ्यायची आहेत. वर्गातले मित्र म्हणतात, 'हा कसला जॅझ? ही नाटकातली गाणी, तीही सरळसोट म्हटलेली, हॉटेलच्या लॉबीत लावतात तशी. तुझ्या गळ्यात एवढ्या ताना आहेत. स्कॅट कर, लोक वेडे होतील.' (स्कॅट म्हणजे शब्दांऐवजी निरर्थक अक्षरांवर केलेली गळ्याची करामत.) तिचा प्रश्न असा की, 'मला सोपं तेच आवडतं, म्हणजे माझी समज कमी आहे का? आणि मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीने न्यूयॉर्कच्या श्रीमंतांची गाणी गावीत का?' पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: 'बाईंना यातलं काहीच अजून सांगितलेलं नाही.'

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही 'अगं-तुगं'वर येते. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही वाटलं की प्रश्न जॅझचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना त्या शेवटच्या ओळीपाशी थांबले. तिच्याकडे मी नंतर येते, कारण तिथे जायला आधी या अल्बममधूनच वाट काढावी लागेल.

ज्या वाचकांनी तो ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फेब्रुवारी-मार्च १९५६मध्ये हॉलिवूडमध्ये हे ध्वनिमुद्रण झालं. दोन तबकड्या, ३२ गाणी, सगळी एकट्या कोल पोर्टरची. शब्दही त्याचे आणि चालीही त्याच्याच. निर्माता नॉर्मन ग्रांझ. त्याने 'व्हर्व्ह' नावाची नवी कंपनी काढली होती, तिचा हा अगदी सुरुवातीचा अल्बम. वाद्यवृंदाचं संयोजन बडी ब्रेगमनचं, तो तेव्हा अवघा २५ वर्षांचा. एला ३८ वर्षांची. गाणी बहुतेक ब्रॉडवेच्या संगीतिकांमधली, काही चित्रपटांमधली: 'नाइट अँड डे' १९३२च्या 'गे डिव्होर्स'मधलं, 'आय गेट अ किक आउट ऑफ यू' १९३४च्या 'एनिथिंग गोज'मधलं, 'बिगिन द बिगीन' १९३५च्या 'ज्युबिली'मधलं. 'ज्युबिली'चं कथानक आज किती जणांना सांगता येईल? पण 'बिगिन द बिगीन' जगभर वाजतं.

ही गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. 'स्वयंवर' १९१६ साली रंगमंचावर आलं. ते नाटक पाहिलेल्या पिढीतलं कुणी उरलं नाही, तरी 'नाथ हा माझा' म्हणायला आपण थांबलेलो नाही. पद नाटकातून उठलं, मैफलीत येऊन बसलं आणि तिथलंच झालं. अमेरिकेत अशा गाण्यांना 'स्टँडर्ड' म्हणतात. तेव्हा तुझे मित्र 'नाटकातली गाणी' असं नाक मुरडून म्हणतात, तेव्हा त्यांना एवढंच विचार की जॅझवाले इतकी वर्षं मग वाजवत काय आले? जॅझचा निम्मा संसार याच गाण्यांवर उभा आहे.

आता 'सरळसोट' या शब्दाबद्दल. तुझ्या पत्रात तो चार वेळा आलाय, आणि तू तो मित्रांकडून न तपासता उचललास असं मला वाटतं. त्यात एक गृहीत दडलेलं आहे: गळ्यात जेवढं आहे तेवढं सगळं दाखवलं तर ते मोठं गाणं, राखून गायलं तर ते सोपं गाणं.

एला स्वतः या वळणावरून गेली होती. तिच्या गळ्यात काय नव्हतं? बी-बॉप, किंवा नुसतं बॉप, या वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझच्या काळात डिझी गिलेस्पीच्या ट्रंपेटशी बरोबरी करील असं स्कॅट ती करायची. पुढे तिनेच सांगितलंय की एक वेळ अशी आली, जेव्हा तिला बॉप म्हणजेच सर्वस्व वाटत होतं आणि तेवढंच गात राहिल्यामुळे गायला जागाच उरली नव्हती. संगीतात बॉपपलीकडेही काही आहे हे तिला तेव्हा कळलं. ग्रांझने तिच्यासमोर पोर्टरची गाणी ठेवली. हा अल्बम आपल्या आयुष्यातलं वळण ठरला, असं ती म्हणायची. मग असेच आणखी सात अल्बम झाले, रॉजर्स-हार्ट या जोडीच्या गाण्यांपासून जॉनी मर्सरच्या गाण्यांपर्यंत, शेवटचा १९६४ साली. आपली गाणी इतकी चांगली आहेत हे एलाने गाईपर्यंत मला कळलंच नव्हतं, असं आयरा गर्श्विन म्हणाला होता. तो तर गीतकार, स्वतःचे शब्द त्याला दुसऱ्याच्या गळ्यातून नव्याने ऐकू आले.

आणि तिने स्कॅट सोडून दिलं असंही नाही. फेब्रुवारी १९६०मध्ये बर्लिनच्या मैफलीत 'मॅक द नाइफ' गाताना ती मध्येच शब्द विसरली. न थांबता तिने जागच्या जागी नवे शब्द रचले, आपण विसरलो हेही त्याच चालीत गाऊन सांगितलं. त्याच रात्रीचं 'हाउ हाय द मून' ऐक, म्हणजे मित्रांना हवा तो सगळा पसारा तिथे आहे. पियानोवर तोच पॉल स्मिथ, जो पोर्टरच्या अल्बमवर होता. बाई तीच, पियानो वाजवणाराही तोच. गाणं काय मागतंय ते बदललं, म्हणून गाणं बदललं.

हा वाद आपल्याकडे काही नवा नाही, तू तो कोल्हापुरात नक्की ऐकला असशील. नाट्यपदात तान किती घ्यावी, पदाचा ख्याल होऊ द्यावा का, यावर आपल्या आजोबा-पणजोबांनी रात्री जागवल्या आहेत. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐक. हरकत येते, मुरकी येते, पण शब्द कधी तिच्याखाली चिरडला जात नाही. म्हणून त्यांना कुणी कमी गवई म्हटलं का?

आता तुला एकच गाणं जवळून दाखवते. 'मिस ओटिस रिग्रेट्स'. या एका गाण्यात एलाजवळ फक्त पियानो आहे, बाकी सगळा वाद्यवृंद गप्प. रात्री स्वयंपाकघर आवरून दिवा मालवल्यावर मी ते पहिल्यांदा नीट ऐकलं, आणि नंतर बराच वेळ तशीच ओट्याला टेकून उभी राहिले. एक नोकर मालकिणीचा निरोप सांगतोय: मिस ओटिस आज दुपारच्या जेवणाला येऊ शकत नाहीत, त्याबद्दल त्या दिलगीर आहेत. अगदी अदबशीर. मग एकेका कडव्यात कळत जातं की प्रियकराने फसवलं, तिने त्याला गोळी घातली, जमावाने तिला तुरुंगातून खेचून काढलं आणि झाडाला लटकवलं. आणि दर वेळी शेवट त्याच अदबीच्या निरोपाने. पोर्टरने ते काहीसं विनोदाच्या अंगाने लिहिलं होतं. अमेरिकेत जमावाने झाडाला लटकवलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते आणि इथे गाणारी बाई कृष्णवर्णीय आहे. ती आवाज चढवत नाही. रडत नाही. स्वर एक कणभरही जास्त लावत नाही. निरोप पोचवते, बस. यात कुठे तान घेणार आहेस तू? घेतलीस तर ऐकणारा टाळी देईल आणि झाडाला लटकलेली बाई विसरेल.

हे सोपं आहे असं तुला अजूनही वाटत असेल तर उद्या ते गाऊन, रेकॉर्ड करून ऐक.

तरी तुझ्या मित्रांना मी पूर्ण चूक म्हणणार नाही. हा अल्बम निर्दोष नाही. ब्रेगमनचं संयोजन काही ठिकाणी फार चकचकीत आहे, पितळी वाद्यं उगाच उसळतात. तीन वर्षांनी नेल्सन रिडलने गर्श्विन बंधूंच्या गाण्यांसाठी जे काम केलं ते मला कितीतरी जास्त मुरलेलं वाटतं. ३२ गाणी एका दमात ऐकली तर कान थकतो. कुणी म्हणालं की दुखऱ्या गाण्यात एलापेक्षा बिली हॉलिडे मला जवळची, तर मी वाद घालणार नाही. पण 'यात जॅझ नाही' हे मात्र मी मान्य करत नाही. बोटाने मांडीवर ठेका धर आणि 'टू डार्न हॉट' लाव. शब्द ठेक्यावर पडत नाहीत, किंचित मागे पडतात, कधी पुढे सरकतात आणि पुन्हा सम गाठल्यासारखे जागेवर येतात. लयीशी हा खेळ तू लहानपणापासून ओळखतेस. त्याच वर्षी फ्रँक सिनाट्रानेही 'आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन' ध्वनिमुद्रित केलंय. दोन्ही एकामागून एक ऐक. चाल तीच, शब्द तेच, आणि शब्द ठेवण्याच्या जागा वेगळ्या. स्वरलिपी लिहिली तर दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतील. जॅझ त्या 'जवळजवळ'मध्ये आहे.

दुसरा प्रश्न, ही गाणी गाण्याचा तुला काय अधिकार. हा प्रश्न मला जास्त अस्वस्थ करून गेला, कारण त्यात तू स्वतःला दाराबाहेर उभं केलं आहेस. जरा बघ, दाराच्या आत कोण होतं. पोर्टर इंडियाना राज्यातल्या पेरू नावाच्या गावचा, श्रीमंत आजोबांचा नातू, येलमध्ये शिकलेला, पॅरिस आणि व्हेनिसमध्ये मेजवान्या देणारा. आणि एला? कोवळ्या वयात आई गेली, सुधारगृहात राहिली, १९३४ साली हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये हौशी कलाकारांच्या स्पर्धेत उभी राहिली तेव्हा धड घर नव्हतं. ती नाचायला गेली होती. तिच्या आधी दोन बहिणी इतक्या सुंदर नाचल्या की ती घाबरली आणि ऐन वेळी गायली. वय १७. पोर्टरच्या शॅम्पेन आणि विमानांच्या जगाशी तिचा काय संबंध होता? ऑक्टोबर १९५५मध्ये ह्यूस्टनला ग्रांझने काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसवून मैफल ठेवली, तर पोलिसांनी कपडे बदलण्याच्या खोलीत घुसून जुगाराच्या आरोपाखाली एलाला पकडून नेलं. त्यानंतर चारच महिन्यांनी ती पोर्टरची गाणी गायला मायक्रोफोनसमोर उभी राहिली. ज्या हॉटेलांमधलं जीवन त्या गाण्यांत आहे, त्यांतल्या कित्येकांनी तिला खोली दिली नसती. आज मात्र ही गाणी म्हटली की आधी तिचाच आवाज आठवतो.

आणि मुंबई या गाण्यांना परकी कधीच नव्हती. गोव्याहून आलेल्या वादकांनी इथल्या हॉटेलांमध्ये रात्री जॅझ वाजवला आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत जाऊन आपल्या गाण्यांत तो ओतला. सी. रामचंद्रांच्या १९५१च्या 'अलबेला'मध्ये ट्रंपेटवाले चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड तुला सापडेल. पुणतांब्याचा संगीतकार आणि गोव्याचा वादक. तू ७० वर्षं उशिरा त्याच रस्त्यावर चालते आहेस, एवढंच.

आता कामाचं. हे तुझ्यासारखंच ख्यालातून इकडे वळलेल्या इतरांनाही उपयोगी पडेल.

गाणं पाठ करण्याआधी त्याचे शब्द मोठ्याने बोल. गाऊ नकोस, बोल, समोर कुणी बसलंय असं धरून. मग त्याचा अर्थ तुझ्या मराठीत, तू मैत्रिणीला सांगशील तसा सांग. जिथे अडखळशील तिथे तुला गाणं कळलेलं नाही. वाक्य कुठे संपतं ते पेन्सिलने मार्क कर आणि श्वास तिथेच घे. आपल्याला आकारावर लांबच लांब राहायची सवय असते, त्यामुळे इंग्रजी वाक्य आपण मधेच तोडतो.

उच्चारांची लाज बाळगू नकोस, पण कष्ट घे. आपला 'ए' सपाट असतो. 'डे' म्हणताना इंग्रजीत शेवटी हलकासा 'इ' लागतो. 'नाइट'मध्ये स्वर 'आ'वर धरायचा आणि 'इ' अगदी सुटताना. आपण 'इ'वर जाऊन बसतो आणि आवाज चिमटल्यासारखा होतो. 'व' दोन आहेत, एक ओठ गोल करून आणि एक वरचे दात खालच्या ओठाला टेकवून. 'ट' म्हणताना जीभ आपल्यासारखी मागे वळवू नकोस. एवढं केलंस तर पुरे. अमेरिकन बनायची गरज नाही. खोटा अमेरिकन हेल पहिल्या ओळीत ओळखू येतो.

बाईंकडे तुझी पट्टी ठरलेली होती. इथे प्रत्येक गाण्याची पट्टी वेगळी निघेल. पियानिस्टबरोबर बसून ती शोध, अल्बमची पट्टी जशीच्या तशी उचलू नकोस. आणि तंबोरा नाही, हे अंगवळणी पडायला वेळ दे. 'नाइट अँड डे'चे पहिले शब्द पंचमावरच आहेत. तू पंचम धरून स्थिर उभी राहशील आणि खाली कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरांचे गट, सरकत जातील. स्वर तोच, पण प्रत्येक वेळी त्याचा चेहरा बदलेल. तुझ्या कानाला हे सगळ्यात जास्त आवडेल अशी माझी खात्री आहे.

काही गाण्यांना कोरसच्या, म्हणजे गाण्याच्या मुख्य भागाच्या, आधी एक व्हर्स असते, बोलल्यासारखी, लयीत सैल. पुष्कळ गायक ती गाळतात. तू गाळू नकोस. एलाने 'आय गेट अ किक आउट ऑफ यू' व्हर्ससकट गायलंय. कंटाळलेल्या बाईचं ते सगळं प्रास्ताविक ऐकल्यावर पुढचं गाणं कुठे पोचतं बघ.

आणि ताना? त्या कुलूप लावून ठेव असं मी म्हणत नाही. ४० मिनिटांत बोलण्यासकट आठ गाणी होतील. त्यातल्या एकात, वेगवान अशा एकात, पहिला कोरस शब्दांसह सरळ गा, दुसऱ्यात हवं ते कर. सगळी भूक तिथे भागव. पण एक पथ्य: गळ्याला सवयीने येणारी सपाट तान तिथे ठेवू नकोस. खालचा कॉर्ड ज्या स्वराला जागा देतो तिथेच उतर. भूपाची तान सरकत्या कॉर्डवर टाकली की दोन्हीकडची मजा जाते. आणि बॉपच तुला मनापासून हवं असेल, तर पुढच्या वर्षी बॉपची मैफल कर. मित्र काय म्हणतील म्हणून या वेळच्या गाण्यांत ते कोंबू नकोस. पत्रावरून तरी तुझं मन तिकडे दिसत नाही.

आता ती शेवटची ओळ.

मला वाटतं, 'मला सोपं आवडतं का' ही भीती मित्रांनी घातलेली नाही. ती तू कोल्हापूरहून सोबत आणलीस. १२ वर्षं ज्यांनी तुझा षड्ज लावून घेतला, त्यांच्यापासून तीन वर्षं तू एक गोष्ट लपवते आहेस. त्या रागावतील असं तू गृहीत धरलंस. रागावतीलही. पण तुझ्या पत्रात त्यांनी कधी इतर संगीताला नावं ठेवल्याचं एकही वाक्य नाही. उलट त्या रविवारी सकाळी जुनी नाट्यपदं लावून बसायच्या, असं तूच लिहिलंयस.

कार्यक्रमाच्या आधी एक शनिवार वर्ग बुडव आणि गाडी पकड. समजावून सांगायला जाऊ नकोस, जॅझ म्हणजे काय याचं व्याख्यान तर नकोच. 'एव्हरी टाइम वी से गुडबाय' घेऊन जा. त्यात एका ओळीत शब्द म्हणतात की मेजरचं मायनर होणं किती विचित्र आहे, आणि नेमक्या त्याच शब्दांवर खालचा कॉर्ड तसा बदलतो. आपल्या भाषेत सांगायचं तर मध्यम-धैवत-षड्ज असा जो कॉर्ड आहे त्यातला शुद्ध धैवत कोमल होतो. निरोपाचं गाणं आहे आणि निरोप त्या एका अर्धस्वराच्या अंतरात मावतो.

बाईंना इंग्रजी येत नसलं तरी चालेल. अल्बम लावू नकोस, तू स्वतः म्हणून दाखव. त्यांच्या पेटीवर ते दोन कॉर्ड वाजवायला बोटं बसवून घे आणि गाता गाता तो धैवत उतरव. मग थांब, आणि त्या काय म्हणतात ते ऐक.